नाना लिनक्स शिकतात, अक्कांसाठी

नव्या माणसाला लिनक्स शिकवायला बसलं की शिकवणं राहतं बाजूला आणि किस्सेच गोळा होतात! जळगावात आम्ही काही मित्रमैत्रिणी दर रविवारी लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ही फुकटची सिस्टिम टाकून देतो. बदल्यात कुणी चहा पाजतं, कुणी डोकं खातं.

चोपड्याचे एक केळीवाले भाऊ. "घरी जाऊन इन्स्टॉल लावा, होईल आपोआप," असं मी बोलून गेले. भाऊंनी सकाळी लावलं आणि गेले शेतात. संध्याकाळी येऊन बघतात तर स्क्रीन पहिलाच प्रश्न धरून बसलेली, भाषा कोणती? लगेच मला फोन. "ताई, मोटार चालू केली की आम्ही बांधावर बसत नाही. पाणी कधी भाषा विचारत नाही!"

*

पण आमचे सगळ्यांत लाडके विद्यार्थी म्हणजे भुसावळचे नाना, निवृत्त स्टेशन मास्तर. त्यांच्या बायकोची, अक्कांची, नजर गेली. पेपर वाचल्याशिवाय चहा न घेणारी बाई नुसती बसून राहायला लागली. नाना वाचून दाखवायचे, पण मधले रकाने गाळायचे. ते अक्कांना बरोब्बर कळायचं आणि भांडण! स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचणारी सोय लिनक्समध्ये फुकट मिळते, असं कुणीतरी सांगितलं आणि नाना आमच्याकडे आले.

*

नानांना फोनवर कमांड सांगायची म्हणजे गाडी सोडण्यासारखंच. ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचे आणि वर म्हणायचे, "आता प्रायव्हेट नंबर दे." स्टेशन मास्तर एकमेकांना असा खात्रीचा नंबर दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत म्हणे.

"अहो नाना, इथे कुठली गाडी धडकणार आहे?"

"या गाडीत तुझी अक्का बसलीय ना, बेटा."

तेव्हापासून मी मुकाट्यानं सुचेल तो नंबर देते.

*

शेवटी एकदाचा आवाज सुरू झाला. कॉम्प्युटरचं ते खरखरीत मराठी ऐकून अक्का दचकल्या. माहेर पिंपळनेरकडचं, त्यामुळे बोलणं तिकडचंच, अहिराणी.

"हाऊ कोन शे? याना घसा बठेल शे. याले पह्यले गरम पानी द्या!"

आता त्या सगळा पेपर ऐकतात. एकही रकाना न गाळता!

*

आणि हा परवाचा किस्सा. मी त्यांच्याकडे जेवायला होते. अक्कांनी हाताच्या अंदाजानं वांग्याचं भरीत केलं होतं. नाना पोटभर जेवले आणि न बोलता उठले. जेवण चांगलं झालं असं तोंडानं म्हणायची त्यांची रीतच नाही. हात धुऊन ते कॉम्प्युटरपाशी बसले, एका बोटानं काहीतरी टाइप केलं आणि बाहेर ओट्यावर जाता जाता म्हणाले, "तुझ्यासाठी काहीतरी आलंय, ऐकून घे."

अक्का चाचपडत खुर्चीत बसल्या. बटण दाबलं.

"भरीत फार चांगलं झालं होतं. तुझं नेहमीच चांगलं होतं."

बाहेरून नानांनी विचारलं, "आलं का ऐकू?"

"नई उनं!" अक्का ओरडल्या, आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.