सोमवारचा भोंगा

धरणावर भोंगा वाजवणाऱ्या माणसाला सगळे भोंगेदादाच म्हणत, अगदी सख्खी बहीणसुद्धा. वीजघर सुरू झालं की कोरड्या नदीत एकदम पाणी सुटायचं. धरण नवं होतं तेव्हा ते बिनबोभाट सुटायचं. चार माणसं वाहून गेल्यावर साहेब लोकांना जाग आली आणि पाणी सोडण्याआधी वाजवायचा भोंगा बसवला गेला. त्याचं उद्‌घाटन मात्र थाटात झालं.

भोंगा धड आहे ना, हे दर सोमवारी दुपारी वाजवून बघायची पद्धत होती. पहिल्या सोमवारी नदीतले लोक पडत-धडपडत काठावर पळाले. दादाची बहीण पात्रातच भाजी पिकवायची. तीही धापा टाकत वर आली आणि भावावर उखडली.

"अगं, सोमवारचा भोंगा नुसता तपासणीचा," दादा हसत म्हणाला. "तू आपली खुशाल खुरपत बस."

तेव्हापासून सोमवारी भोंगा झाला की ती मान वर करून भावाला हात करायची आणि पुन्हा कामाला लागायची.

एका सोमवारी तपासणीचा भोंगा थांबतो न थांबतो तोच शहरातली वीज गेली. वीजघर ताबडतोब चालू करा, असा वरून हुकूम आला. दादाने पुन्हा भोंगा दिला. खाली बहिणीने पुन्हा हात केला.

"साहेब, जरा थांबा. खाली माणसं आहेत. त्यांना तपासणीच वाटतेय."

"भोंगा दिलास ना? मग झालं तर," साहेब म्हणाले. वीजघराची कळ साहेबांच्या हातात होती.

दादाने भोंग्याचं बटण दाबूनच धरलं. आज दादाला भलताच जोर चढलाय, असं तिला वाटलं असेल. संध्याकाळी ती पुलाखाली सापडली.

चौकशी झाली. इशारा दिला होता, तेव्हा दोष कुणाचाच नाही, असं ठरलं.

"उठू नकोस, असं तिला मीच सांगितलं होतं," दादा म्हणाला.

ते घरातलं बोलणं, चौकशीत धरत नाहीत, असं चौकशीच्या साहेबांनी त्याला समजावलं. उलट कामात चोख म्हणून त्याची पाठ थोपटली. थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तपासणीचा आवाज तरी वेगळा ठेवा, म्हणून त्याने साहेबांच्या केबिनचा उंबरठा झिजवला.

"लोकांना याचीच सवय झालीय रे," साहेब म्हणाले.

"त्या सवयीनेच गेली ती."

साहेबांनी फोन उचलला.

काही महिने पात्रात कुणी उतरलं नाही. पण पोट थोडंच ऐकतं? एका सोमवारी दादाने बटण दाबून खाली पाहिलं, तर बहिणीच्याच वाफ्यात कुणी नवी बाई खुरपत होती. सोमवारचा भोंगा तिलाही कुणीतरी समजावला असणार. तिने मान वर केली, दादाला हात केला आणि पुन्हा खाली वाकली.