शिक्का मारलेली पाण्याची नोटीस

भोसरीतल्या आमच्या वसाहतीत दिवसाआड पाणी येतं. ते कधी येणार, कधी बंद राहणार, हे वसाहतीच्या वेबसाइटवर कळतं. म्हणजे कळायला पाहिजे. ही साइट मी बनवली. आधी चळवळीची पत्रकं करून हात बसला होता, म्हणून साइटही तशीच झाली: पिवळ्यावर लाल अक्षरं, वर ठसठशीत मथळा, कोपऱ्यात उगारलेली मूठ. टँकरवाल्यांविरुद्धचं आमचं पत्रक असंच होतं आणि ते लोकांनी वाचलं होतं. मग साइटला वेगळं काय लागतं, असं मला वाटायचं.

नोटीस साइटवर चढवायची एक पद्धत होती. सचिव काका, एका कंपनीतून रिटायर झालेले टाइमकीपर, ती टाइप करायचे, लेटरहेडवर छापायचे, अध्यक्षांची सही घ्यायचे आणि गोल शिक्का मारायचे. मग कागद टेबलावर ठेवून मोबाइलने फोटो. तो फोटो साइटवर. फोटोत कधी चहाचा कप यायचा, कधी काकांचा अंगठा. याला कारण होतं. एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ठोकून दिलं की आठवडाभर पाणी नाही. अख्ख्या वसाहतीने पिंपं भरली, नाइट शिफ्ट करून आलेली माणसं झोप मोडून बादल्या घेऊन उभी राहिली, आणि पुढचं पाणी अगदी वेळेवर आलं. तेव्हापासून शिक्का नाही तर नोटीस नाही. मलाही ते पटायचं. कुणी काढलं ते खाली छापलेलं नसेल तर ते पत्रकच नव्हे, असं मला चळवळीत पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

तळमजल्यावर एक काकू एकट्या राहतात. मूळच्या लातूरकडच्या. उमेदीची वर्षं इथल्याच एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला काढली, नवरा गेला, नंतर काचबिंदूने डोळे गेले. मी दारोदार पत्रक वाटत त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद कशाला देतीस? वाचून दाखव, नाहीतर चुलीत घालायचं म्हटलं तर चूल बी नाही माझ्याकडं."

मी म्हटलं, "काकू, सगळं साइटवर पण असतं."

"असतं की. थांब, ऐकवते."

त्यांच्या लेकाने फोनमध्ये बोलायची सोय चालू करून दिली होती. बोट जिथे लागेल तिथलं फोन मोठ्याने वाचतो. काकूंनी साइट उघडली, बोट फिरवलं. फोन म्हणाला, "पाणी." मग म्हणाला, "चित्र." पुढे सरकवलं, "चित्र." आणखी पुढे, "चित्र."

"पाण्याचं विचारलं की निस्तं चित्र, चित्र म्हणायलंय," काकू म्हणाल्या. "थेटर काढलंय का गं तुम्ही?"

मला हसू आलं नाही. शिक्क्याच्या फोटोतलं एक अक्षर फोनला दिसत नव्हतं. त्याच्या लेखी तो नुसता फोटो. त्यात पाण्याची वेळ असो की काकांचा अंगठा, त्याला सारखंच.

मग काकूंनी खरी गोष्ट सांगितली. मागच्या गुरुवारी पाणी बंद होतं, त्यांना पत्ता नव्हता. सकाळी नळ फिरवला तर कोरडा. शेजारचे दोघेही फर्स्ट शिफ्टला. शेवटी लेकाला फोन केला. तो चाकणला कंपनीत असतो, तिथेच सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. हाफ डे टाकून जार घेऊन आला आणि म्हणाला, आई, आता पुरे. दिवाळीपर्यंत बघतो, मग सामान हलवू.

"वाईट नाही तो," काकू म्हणाल्या. "पण तिथं लिफ्टचं बटन बी कुणाला तरी विचारावं लागतं. हितं मी गिरणीपर्यंत एकटी जाते. एकदा तिकडं गेले की कोपऱ्यातली म्हातारी झाले बघ मी."

मी तडक सचिव काकांकडे गेले.

"काका, तुमची नोटीस वाचता येत नाही."

"चष्मा लाव."

"मला येते. तळमजल्याच्या काकूंना येत नाही."

"त्यांना सांगतील की शेजारी. काही शेजारधर्म आहे का नाही?"

"शेजारी शिफ्टला असतात. तुमचा शेजारधर्म सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून जातो."

"मग एका बाईसाठी शिक्का काढून टाकू? उद्या कुणीही काहीही लिहील. तूच आधी बोंब मारशील."

माझं डोकं फिरलं. एका बाईसाठी म्हणे. पाणीपट्टी घेताना तिला कुणी एक बाई म्हणत नाही. घरी येऊन मी पत्रक लिहायला घेतलं, मथळा टाकला, "अंध भगिनीचं पाणी कुणी तोडलं?" आणि छापण्याआधी काकूंना वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होतील.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "छान लिहितीस. आता फाड."

"का?"

"अगं, माझ्या लेकाच्या हातात हे पडलं तर तो दिवाळीची वाट बघंल का? आई आंधळी, आई तहानलेली, साऱ्या गावात बभ्रा. दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात. मला पाणी पाहिजे बाई, मोर्चा नको."

मी फाडलं. मथळा चांगला होता, तरी फाडलं.

दुसऱ्या संध्याकाळी काकूंनाच सोबत घेऊन मी काकांकडे गेले, हातात कागद न घेता. म्हटलं, "शिक्का राहू द्या, फोटोही राहू द्या. फक्त फोटोच्या वर तोच मजकूर अक्षरांत टाकू."

"एवढंच ना? टाइप केलेला आहेच." काकांनी मजकूर उचलून साइटवर चिकटवला. ते टाइप करायचे छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये. कागदावर सुंदर मराठी, साइटवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी.

"हे तर शिव्या दिल्यासारखं दिसतंय," काका म्हणाले.

"ऐकायला कसं लागतंय ते तरी बघू," म्हणत काकूंनी फोनला ते वाचायला लावलं आणि लगेच बंद केलं.

शेवटी मी काकांचा मोबाइल घेतला, माइकचं बटण दाबलं आणि त्यांच्यापुढे धरला. बोलाल ते उमटेल, म्हटलं. गणपतीत मंडपातल्या सगळ्या घोषणा काकाच करतात, त्यामुळे माइक दिसला की त्यांचा आवाज आपोआप बदलतो. "सर्व सन्माननीय रहिवासी बंधुभगिनींना अध्यक्ष व कार्यकारिणीच्या वतीने नम्र विनंती करण्यात येते की..."

"विनंती कळली," काकू म्हणाल्या. "पाणी कधी?"

काका थांबले. "उद्या बंद आहे."

"उद्या म्हणजे कोणता उद्या? नोटीस तुम्ही आज टाकली, मी परवा ऐकली, तर?"

कागदावर खाली शिक्क्यात तारीख असायची, म्हणून वर "उद्या" चालून जायचं. आता काकांनी वार आणि तारीख आधी घेतली, वेळ नंतर, विनंती सगळ्यात शेवटी. फोटोखाली मी लिहिलं, "सही-शिक्क्याची मूळ प्रत. हाच मजकूर वर दिला आहे." फोन तेही वाचून दाखवतो.

"वर आणि खाली फरक पडला तर जबाबदारी तुझी," काका म्हणाले.

"माझी."

साइट केल्यापासून कुणी काही बोललं नव्हतं, पण त्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचा एक वेल्डर जिन्यात थांबून म्हणाला, "ताई, आता कसं लगेच दिसतं. तो फोटो माझ्या फोनवर गोल गोल फिरत बसायचा." आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाला, मला वाटलं माझाच फोन खराब.

पुढचं बंद पुन्हा गुरुवारीच होतं. मी सेकंड शिफ्टला निघताना काकूंच्या दारात त्यांचा लेक उभा होता, दोन्ही हातांत भरलेले जार. पाणी बंद असल्याचं त्याने कंपनीतल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. आत दोन पिंपं, कळशी, पातेली, सगळं काठोकाठ.

"कुणी सांगितलं तुला?" त्याने आईला विचारलं.

"साइटनं. उद्या दुपारनंतर येईल, पण कमी दाबानं. चहा घेतोस का? पाणी आहे."

त्याने फोन मागून घेतला, नोटीस स्वतः वाचली, खालचा शिक्का मोठा करून पाहिला. सामानाचा विषय निघाला नाही. चहा पिऊन निघताना त्याने जार दारातच ठेवले.

"हे घेऊन जा ना," काकू म्हणाल्या.

"असू दे. शेजारच्यांना लागले तर." मग मला म्हणाला, "साइट तुमची का? बरी आहे. फक्त तो पिवळा रंग डोळ्यांत घुसतो हो."

मी उत्तर देणार होते. पिवळ्या रंगावर माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं.

"काढ की मग," काकू आतून म्हणाल्या. "ज्यांना डोळे हायत त्यांना तरी नीट वाचू दे."

कंपनीच्या बसमध्ये, चाकणला पोचेपर्यंत, मी पिवळा काढून पांढरा टाकला. अक्षरं काळी केली. मूठ ठेवली, तिच्याखाली "उगारलेली मूठ" असं लिहून.