न वाळणारी डहाळी

एका पशुसखीच्या हातातली लसपेटी माझ्यामुळे गेली. नेटवर्कमुळे नाही, विजेमुळे नाही, गोरेगावच्या जुन्या लॅपटॉपमुळेही नाही. माझ्यामुळे. हे वाक्य मी अहवालात लिहिलं, तेव्हा मला ते काढायला सांगण्यात आलं. मी काढलं नाही. इथेही काढणार नाही.

शेळ्यामेंढ्यांच्या लसीकरणाचं काम करणाऱ्या हिंगोलीतल्या एका संस्थेत मी संगणकाचं बघतो. आमची माहिती एका जागी नसते. जवळा बाजार, शिरड शहापूर, गोरेगाव अशा गावांत आमचा एकेक फ्रिज आणि त्याच्याशेजारी एकेक लॅपटॉप. कुठल्या वस्तीवर किती जनावरं, फ्रिजमध्ये किती लस उरली, हे त्या त्या लॅपटॉपवरच. इंटरनेटची लाइन कधी असते, कधी अर्धा दिवस नसते. म्हणून सगळी माहिती हिंगोलीला ओढून आणण्याऐवजी मी छोटे प्रोग्राम लिहिले आणि तेच गावोगाव धाडले. लाइन आली की असा प्रोग्राम एका लॅपटॉपवर उतरतो, तिथलंच वाचतो, कुठे गाडी पाठवायची ते तिथंच ठरवतो आणि पुढच्या लॅपटॉपवर निघून जातो. पुण्याच्या वरिष्ठांना हा पोरखेळ वाटायचा. मला तेव्हा तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण असे चार-पाच प्रोग्राम एका वेळी फिरू लागले की एकाच वस्तीला दोन गाड्या जायच्या. वाटेत एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडे लाइन नाही. मग त्यांचा मेळ घालायचा कसा? उत्तर मला मेंढपाळांकडे मिळालं. पीक निघालेल्या शेतात कळप बसवायचा ठरला की आमच्याकडचा मेंढपाळ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लिंबाची डहाळी खोचतो. मागून येणारा ती बघतो आणि आपला कळप पुढे काढतो. ना भेट, ना बोलणं. मी तेच उचललं. हिंगोलीहून निघताना प्रत्येक प्रोग्रामने तिथल्या यादीत वस्तीच्या नावापुढे खूण करायची: ही मी घेतली. दुसऱ्यांनी ती वस्ती सोडून द्यायची. काम करून परतला की आपली खूण आपण पुसायची. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचावी लागते, कारण कोवळ्या गवतानंतर तो आजार उभ्या जनावराला आडवं करतो. त्या वर्षी एका प्रोग्रामने गोरेगावजवळच्या एका तांड्यापुढे खूण केली आणि तो गोरेगावच्या लॅपटॉपवर उतरला. त्याच दुपारी लॅपटॉप जळाला. प्रोग्राम तिथंच संपला. खूण मात्र हिंगोलीत राहिली. बाकीचे प्रोग्राम आले, खूण बघून पुढे गेले. तांड्याला गाडी निघालीच नाही.

तांड्याची पशुसखी, म्हणजे गावातल्या जनावरांचं औषधपाणी बघणारी आमची बाई, तिचा फोन आला.

"साहेब, गाडी आली न्हाई."

"निघाली असेल ताई. इथे तांड्यापुढे खूण आहे, म्हणजे गाडी लागली."

"तिथं काय बी दाखवू द्या. मी रस्त्यावरच उभी हाय."

तिने दोनदा केला, तीनदा केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "मंग तुमच्या मशीनलाच म्हणा, ये आन् टोच सुई."

मी हसलो. हे मी विसरलेलो नाही.

गवत उगवलं आणि तांड्यावरच्या शेळ्या दगावल्या. तिच्या स्वतःच्याही दोन. पुढच्या मासिक बैठकीत सगळ्या पशुसख्या सतरंजीवर बसल्या होत्या. संस्थेच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, असं कसं झालं? मी यादी भिंतीवर दाखवली आणि म्हणालो, "गाडी लागली होती. पुढचं ताईंनी बघायला हवं होतं." ती उभी राहिली. "मी तीनदा फोन केला," म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. त्याच दिवशी तिची लसपेटी काढून घेतली. तांड्यावर तिला कुणी गोठ्यात येऊ देईना.

महिन्याभराने दुरुस्त झालेला लॅपटॉप परत आला. प्रोग्रामने मागे ठेवलेल्या ओळी मी उघडल्या. उतरलो, वाचतो आहे, आणि पुढे काही नाही. खूण पुसायला तो परतलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोरेगावहून जीपने तांड्यावर गेलो. ती शेळ्यांना पाणी दाखवत होती, सासरे बाजेवर बसले होते.

"काहून आले? आनखी काई काढून न्यायचं राह्यलं व्हय?"

मी डहाळीचंच उदाहरण देऊन सगळं सांगितलं. डहाळी लावणारा मधेच मेला, डहाळी तशीच राहिली, म्हणून बाकीचे फसले.

सासरे हसायला लागले. ती नाही हसली.

"साहेब, डहाळी वाळते की."

"म्हणजे?"

"हिरवी हाय तवर त्याचं रान. वाळली की मोकळं. त्याला आनखी पाह्यजे असंल तर तो येऊन ताजी लावंल. मेला, इसरला, बायकोसंगं भांडून गावाला गेला, काई बी होऊ द्या. तुमची डहाळी काय पलास्टिकची व्हती?"

मी माफी मागायला गेलो होतो आणि तासभर सबब सांगत होतो. तशीच तोंडातली माफी गिळून परत आलो.

आधी खूण बदलली. आता ती संध्याकाळपर्यंतच टिकते. प्रोग्राम जिवंत असेल तर त्याने ती ताजी करायची, नाहीतर वस्ती मोकळी. दुसरा नियमही घातला: पशुसखीचा फोन आला की खूण त्या क्षणी रद्द. मग अहवाल लिहिला.

साहेबांनी तो वाचून माझ्यापुढे सरकवला. "'तांत्रिक अडचण' लिहा. नेटवर्क म्हणा. नेटवर्कला कोण नोटीस देतं? हे असं गेलं तर पुण्याचे सगळं बंद करून एकच मोठं मशीन बसवतील."

"बसवू द्या. ते चालवणारा माझ्यासारखाच असेल तर तिचा फोन त्यालाही ऐकू जाणार नाही. फिरत्या प्रोग्रामची यात चूक नाही. खूण मी केली, फोन मी घेतला."

"नोकरी जाईल."

"एकीची गेलीच आहे. तिची पेटी तिला परत द्या, नाहीतर मी कशावरच सही करणार नाही."

 शेवटी पेटी परत द्यायला साहेबांनी पुढच्या बैठकीचा दिवस ठरवला. त्या अहवालाचं पुण्यात काय होईल ते होवो.

बैठकीच्या दिवशी, आरोप जिथे केला होता, त्याच खोलीत मी उभा राहिलो. तीच सतरंजी, त्याच बायका. भिंतीवर तीच यादी लावली आणि ती खूण बोटाने दाखवली. खाली बघत पुटपुटायला लागलो.

मागून ती म्हणाली, "मोठ्यानं बोला साहेब. त्या दिशी तर बराबर ऐकू येत व्हतं."

मग मी मोठ्याने बोललो. "ताई, तुम्ही तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा मी तुमचं ऐकलं नाही, भिंतीवरच्या या खुणेचं ऐकलं. ती खूण मीच चुकीची केली होती. आणि तुम्ही इथे खरं सांगत होता तेव्हा मला ते माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. मला माफ करा."