दुकान वाढवलं आणि बॅकअप राहिला

बदलापूरला कात्रपमध्ये आमचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं छोटं दुकान आहे. डिझाइनं सगळी बाबांची. ते कागदावर काढायचे आणि मी टाका न् टाका कॉम्प्युटरमध्ये भरायची, मग मशीन ते कापडावर उतरवायचं. पुढे कागदांना वाळवी लागली. तरी मी बिनघोर होते, कॉम्प्युटरमध्ये सगळं होतंच. नंतर साखरेनं बाबांचे डोळे गेले आणि नवीन डिझाइन निघायचं थांबलं. जे काही उरलं होतं ते त्या एका डब्यात.

म्हणूनच धास्ती घेऊन मी उल्हासनगरहून कॉम्प्युटरवाल्या सिंधी काकांना बोलावलं. त्यांनी क्लाउड बॅकअप लावून दिला. रोज ठरलेल्या वेळी डिझाइनं आपोआप इंटरनेटवरून दूर कुठेतरी जाऊन बसणार, मग दुकानाचं काही का होईना. सगळं झाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, "दुकान बंद कितने बजे करते हो?"

बाबा भडकले. आमच्याकडे दुकान वाढवतात. बंद हा शब्द उच्चारायचाही नाही, आणि इथे तर ऐन दिवेलागणीला. "हमारा दुकान बंद नहीं होता, साई," ते ताडकन म्हणाले. मला हसू आलं. काका बिचारे "अच्छा, अच्छा" करत आमचा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच असतो असं समजले आणि मला न सांगताच मध्यरात्रीनंतरची वेळ लावून गेले.

बाबा मात्र दुकान वाढवताना न चुकता मेन स्विच पाडायचे. शॉर्टसर्किटची त्यांना फार भीती. डोळे गेल्यावरही त्यांचा हात बरोबर तिथे जायचा.

गणपतीच्या आधी, ऐन कामाच्या गर्दीत, हार्ड डिस्क उडाली. दुरुस्तीवाल्यानं ती उघडून पाहिली आणि मान हलवली. मी काकांना बोलावलं. त्यांनी क्लाउडचं खातं उघडलं, तर आत एकच फाइल. पहिल्या दिवशी चाचणीसाठी पाठवलेलं गुलाबाचं फूल, आणि तेही मशीनबरोबर फुकट आलेलं.

"रात को लाइट रहती नहीं थी क्या?" काकांनी हळूच विचारलं. बाबा शेजारीच बसले होते. मला इतका राग आला होता, पण काढू कुणावर? काकांवर? त्या शब्दावर? बाबांकडे तर बघवत नव्हतं.

त्या आठवड्यात एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. मुलीच्या साडीवर त्यांना बाबांचा मोर हवा होता, स्वतःच्या लग्नातल्या शालूवर होता तसाच. तो शालू कधीच जीर्ण होऊन गेला होता. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "कागद घे. मी सांगतो, तू काढ."

"मान जरा बाकदार. पिसारा एका अंगाला झुकलेला. झुकलेला म्हणजे पडलेला नाही गं, नुसता कललेला." मी काढत होते, खोडत होते. मधेच त्यांनी माझा हात धरला आणि पेन्सिल स्वतःच फिरवून पाहिली. रेघ कागद सोडून टेबलावर गेली.

"आला का आपला मोर?" त्यांनी विचारलं.

कागदावर मोर होता. कुणाच्याही साडीवर असतो तसला.

"नाही, बाबा."

"मला तर लख्ख दिसतोय गं," ते म्हणाले. "तुला कसा दाखवू?"