तानूबाईचं गाणं पारंपरिक नाही

"अशी गाणी कुणी रचत नसतं हो आजी. ती आपोआप होतात."

संगीताच्या बाई हे हसत म्हणाल्या. बेळगावातल्या एका शाळेची संगीताची खोली. मी खुर्चीवर, शेजारी प्रज्ञा उभी. प्रज्ञा माझ्या भावाची नात, याच शाळेत नववीत शिकते. बाईंनी नुकताच तिचा स्पर्धेसाठी केलेला व्हिडिओ पाहिला होता. आवाज फार आवडला. गाणं कुणाचं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या आईचं. तिनं रचलेलं.

त्यावर हे उत्तर.

"वखारीत बायका गुणगुणत असतील, त्यातून तयार झालं असेल. रचनाकार म्हणून 'पारंपरिक' लिहा. परवानगीची कटकट नाही. तसं तुमच्यात कॉपीराइट वगैरे कुठं असतं?"

तुमच्यात. मुलांनो, हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. तो बहुतेक वेळा हसतच येतो.

तुमची पणजी तानूबाई निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळण मारायची. तोंडाला फडकं बांधलेलं, तरी धूळ छातीत जायचीच. चाळणीच्या ठेक्यावर ती ओळी जुळवायची, आवडली नाही तर मोडायची, पुन्हा जुळवायची. घरी येऊन मला म्हणून दाखवायची. तिला लिहिता येत नव्हतं, मी लिहून घ्यायची. एका शब्दासाठी तिनं मला चार चार वेळा खोडायला लावलं आहे. आपोआप काही झालं नाही.

आमच्या वस्तीत गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचा. कागदावर आमची नावं कोण छापणार होतं? गाणं तोंडातोंडी जायचं, त्याच्याबरोबर नावही जायचं. आईचं शेवटचं कडवं असं आहे:

वखारीची तानू सांगे, पोरी माझं ऐक,
धूळ माझ्या छातीत राहू दे, तू अक्षर शीक.

मी शिकले. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्यामुळे स्पर्धेचे नियम आधी नीट वाचले होते. सिनेमाचा तयार ट्रॅक चालत नाही. व्हिडिओ एकाच दमात घ्यायचा, मागून कापाकापी नाही. वेळ तीन मिनिटं. रचनाकाराचं नाव हवं आणि हक्कदाराची लेखी परवानगी हवी. रचणारा वारला तर पुढची साठ वर्षं हक्क वारसांचा. भाऊ वारला, त्यामुळे आईचे वारस म्हणजे मी आणि माझा भाचा, प्रज्ञाचा बाप. आम्ही दोघांनी परवानगीवर सही केली.

व्हिडिओ हिंडलग्याला माझ्या घरी केला. पंखा बंद. खिडकीला गोधडी. शेजारणीला सांगून कुकर थांबवला. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर आडवा. पेटीवर भाचा.

"आप्पा, जोरात श्वास नका घेऊ. सगळं ऐकू येतंय," प्रज्ञा म्हणाली.

"मग मरू व्हय गं?"

गाणं तीन मिनिटांवर जात होतं, म्हणून दुसरं कडवं गाळलं. शेवटचं ठेवलं. बरोबर बसलं.

आणि आता बाई म्हणत होत्या, शेवटचं कडवं काढा.

मी म्हटलं, वेळेत बसतंय.

"वेळेचं नाही हो. त्यात वखार येते, ते नाव येतं. परीक्षकांचं लक्ष भलतीकडे जातं."

संतांच्या अभंगात शेवटी नाव आलं तर ती नाममुद्रा. माझ्या आईचं आलं तर अडचण. याच खोलीत याच बाई मला आधी सांगत होत्या, दुसरी एक मुलगी भावगीत म्हणणार आहे, संगीतकार वारले, पुण्यात त्यांचा मुलगा असतो, त्याला मेल केलाय. वारसाला विचारल्याशिवाय कसं पाठवायचं, असं त्यांचंच वाक्य.

वारस त्यांच्यासमोर बसली होती.

मी म्हटलं, "रचना तानूबाई. शेवटचं कडवं राहील. जमत नसेल तर व्हिडिओ पाठवू नका."

"बरं, बरं," बाई म्हणाल्या.

पाठवायची मुदत संपल्यावर प्रज्ञाने शाळेने पाठवलेला व्हिडिओ मोबाइलवर दाखवला. गाणं आधीच्या कडव्यावर थांबलं. आवाज हळूहळू बारीक करत संपवलेला. खाली लिहिलेलं: पारंपरिक.

भाचा म्हणाला, "आत्ती, जाऊ दे की. पोरगी पुढं गेली तर तिचं नाव हुईल न्हवं?"

"कुणाचं नाव पुसून?"

प्रज्ञा रडत होती. रडतच म्हणाली, "मला बी विचारलं न्हाय त्यांनी. फुडच्या वर्षी माझी दहावी, शाळा स्पर्धेला सोडत न्हाय. ठाऊक हाय मला. तरी तू स्पर्धेवाल्यांना लिही, आजी."

मी आयोजकांना इंग्रजीत पत्र लिहिलं. या गाण्याचा हक्क आमचा आहे. कापलेल्या रूपाला आमची परवानगी नाही. पूर्ण व्हिडिओ नावासकट घ्या, नाहीतर प्रवेश रद्द करा. उत्तर दोन ओळींचं आलं: मुदत संपली आहे, नवा व्हिडिओ घेता येत नाही, प्रवेश रद्द.

बाईंचा फोन आला. "एका नावासाठी पोरीचं नुकसान केलंत."

"व्हिडिओ तुम्ही कापलात," मी म्हटलं. "भावगीतासाठी तुम्ही पुण्याला विचारलंत. हिंडलगा जवळ होतं."

त्यांनी फोन ठेवला.

प्रज्ञा तेव्हापासून गात नाही. तिचं नुकसान झालं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही.

आता तुम्ही दोघं. तिकडं परदेशात, शाळेच्या कार्यक्रमात तुम्ही हेच गाणं म्हटलंत. तुमच्या आईने कार्यक्रमपत्रिकेचा फोटो पाठवला होता, मी कौतुकाने गल्लीभर दाखवला. काल तो मोठा करून वाचला. गाण्यापुढे छापलंय, भारतीय लोकगीत. तिथं कुणी तुमचा अपमान केला नाही. कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. नाव तेवढ्यानेही पुसलं जातं.

तुमच्या शिक्षिकेकडे जा. चूक दुरुस्त करायला सांगा. रचना: तानूबाई, निपाणी. शेवटच्या कडव्यासकट. कशाला, असं विचारलं तर हे सगळं सांगा, लाजू नका.

ते होईपर्यंत हे गाणं तिथं गाऊ नका. वारस म्हणून सांगते, परवानगी नाही.