अक्काचा अंगठा

अक्का कुणाच्याही घरी गेली की बसण्याआधी टेबलाच्या, खुर्चीच्या, खिडकीच्या कडेवरून हळूच अंगठा फिरवायची. यजमानीणबाईंना वाटे, ही धूळ बघते. ती धार बघत असे.

त्याला कारण मी. माझं रक्त जन्मापासून लवकर थांबत नाही. लहानपणी साधा दात पडला तरी उशी भिजायची. धडपडलो की गुडघ्यात आतल्या आत रक्त साचायचं. माझ्याहून थोडीच मोठी असलेली माझी ही बहीण मग बर्फाच्या कारखान्यातून फडक्यात बर्फ बांधून पळत यायची. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. त्या अक्काने बांधल्या होत्या.

पुढे ती शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली आणि मी वाचनालयात लागलो. आनुवंशिकतेच्या तासाला ती हातात केळं घेऊन वर्गात शिरायची. “बाई, डबा विसरल्या काय?” असा आवाज मागून यायचाच.

“बागेतली सगळी केळी एकमेकींची हुबेहूब नक्कल,” ती म्हणे. “कंद काढला, दुसरीकडे लावला, झालं. म्हणून एकीला रोग लागला की सगळी बाग बसते. तुमचं तसं नाही. प्रत्येकाच्या पेशीत जवळजवळ तीनशे कोटी अक्षरांचं पुस्तक आहे, आणि हजारात एखादं अक्षर तुझं वेगळं, त्याचं वेगळं.”

“मग चूक कुणाची, बाई?”

“फरक म्हणजे चूक नाही रे. बहुतेक फरकांनी काहीच होत नाही. एखाद्याने नाक वेगळं होतं. क्वचित एखादा दुखतो.”

‘दुखतो’ म्हणताना बाईंचा आवाज खाली येतो, असं तिचे विद्यार्थी मला वाचनालयात सांगत.

माझ्या दुखण्याची गोष्ट तिने मला माझ्याच भाषेत सांगितली होती. “आईकडे त्या मजकुराच्या दोन प्रती होत्या, एक धड, एक बिघडलेली. तुला बिघडलेली आली. मला कोणती आली, ठाऊक नाही. माझ्याकडे बाबांची धड प्रत आहे, म्हणून मला त्रास नाही. पण मुलग्याला आईचीच एक प्रत मिळते.”

ऐंशीच्या दशकात पारोळ्याचं एक स्थळ आलं. चहा झाल्यावर अक्काने हे सगळं त्या मंडळींना समजावून सांगितलं. मुलाचे वडील हसले. “पोरी, बठ्ठं देवना हातमा शे.”

“नाना, सगळं देवाच्या नाही, निम्मं गणिताच्या हातात आहे,” अक्का म्हणाली.

मंडळी परत आली नाहीत. त्यानंतर तिने कुणाला येऊच दिलं नाही. आतल्या खोलीत पाय लांब करून पडलेल्या मला वाटत राही, हे माझ्यामुळे.

माणसाचं सगळं पुस्तक वाचायला शास्त्रज्ञ बसलेत, ही बातमी नव्वदच्या दशकात आली. अक्का तिची कात्रणं आणून मला वाचून दाखवी. पुढे आमचे डॉक्टर म्हणाले, आता रक्त मुंबईला पाठवून हा दोष शोधता येतो. आधी भावाचं, मग बहिणीचं. तोवर अक्काचे केस कानाजवळ पिकले होते.

“आता कशाला?” मी विचारलं.

“मला वाचायचंय,” ती म्हणाली.

माझ्यात दोष सापडला. अक्काने मला समजावलं, “तुमच्याकडे येतं ना एखादं पुस्तक, मधला फर्मा, म्हणजे पानांचा जुडगा, उलटा शिवलेलं? अक्षरं सगळी असतात, पण वाचता येत नाही. तसं झालंय.” मग तिचाही निकाल आला. डॉक्टर आनंदाने म्हणाले, “बाई, तुमच्यात नाही! तुम्ही लग्न करायला काहीच हरकत...” आणि वाक्य अर्धवट ठेवून चष्मा पुसू लागले.

घरी येऊन तिने चहा टाकला आणि ओट्याला टेकून रडू लागली. चहा उतू गेला.

“माझ्यापायी तुझं आयुष्य गेलं, अक्का.”

“गप रे, बापू. लग्नासाठी कोण रडतंय?” तिने पदराने नाक पुसलं. “एवढी वर्षं वाटायचं, तुझ्यातलं ते माझ्यातही आहे, लपून बसलेलं. तू पडलास की मी मनात म्हणायची, हे दोघांचं आहे. आज कळलं, तू एकटाच होतास.”

गेल्या हिवाळ्यात अक्का झोपेतच गेली. अंगणात शेजारी तिरडी बांधत होते. मी काठी टेकत गेलो, कसाबसा वाकलो आणि बांबूवरून अंगठा फिरवू लागलो.

“बापू, बांबू तासलेला नाही, हात कापेल,” शेजारचे आबा ओरडले. “तुला रक्त येऊन चालायचं नाही.”

तिचा खांदा टेकणार होता तिथेच अंगठ्याला एक धारदार कड जाणवली. मी घरात गेलो, टेबलाच्या कोपऱ्याची चिंधी सोडली आणि आणून तिथे बांधली.