ओल्या पुठ्ठ्यासारखे सांधे

लहानपणी तिला सगळे रबर म्हणायचे. अंगठा वाकवून ती मनगटाला टेकवायची, पाय उचलून मानेमागे ठेवायची, आणि गल्लीतली पोरं तेच पुन्हा पुन्हा करायला लावायची. तिला त्यात मजा वाटायची असं नाही. कुणी ‘करून दाखव’ म्हटलं की करून दाखवायचं, एवढं तिला कळायचं. माणसांशी बोलणं कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं, हे मात्र काही केल्या जमायचं नाही. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत दाराला पाठ लावून बसायची.

आई म्हणायची, “माझी लेक जरा वेगळी आहे.”

दादा म्हणायचा, “वेगळी कसली, आगाऊ आहे.”

शेजारच्या काकूंना ती तोंडावर “तुम्ही मागच्यापेक्षा जाड झालात” म्हणाली, त्या दिवशी आईलाही दादाचं पटलं.

ती पडायची फार. सरळ रस्त्यावर चालताना घोटा मुरगळायचा, जिना उतरताना गुडघा दगा द्यायचा. पण रडायची नाही. रक्त आलं तरी चेहरा जसाच्या तसा. “सोशिक आहे हो,” असं आई चारचौघांत कौतुकानं सांगायची. हे कौतुक पुढे तिच्या अंगाशी आलं.

शाळा कशीबशी संपली आणि ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली. छापून आलेला मोठा कागद काठाला काठ जुळवून दुमडायचा, त्यावर हाडाची पट्टी दाबून फिरवायची, पुन्हा दुमडायचा. अशा दुमडलेल्या पानांच्या जुडीला तिथे फर्मा म्हणत. दिवसभर फर्मे, दुसऱ्या दिवशीही फर्मे. इतर मुली कंटाळून सोडून जायच्या. हिला त्यातच सुख होतं. तिची जागा कोपऱ्यात होती, भिंतीकडे तोंड करून. कुणाशी बोलायला लागत नव्हतं. दुमडलेल्या कागदाची कड बोटाखाली बसली की तिच्या डोक्यातला कलकलाट थांबायचा.

मालक गमतीनं म्हणायचे, “ही बाई बोलत नाही, हिचा फर्मा बोलतो.” तिनं एकदा हातातला फर्मा कानाशी नेऊन पाहिला होता. मालक पोट धरून हसले. ती नाही हसली.

तिशी जवळ आली तेव्हा बोटं दुखायला लागली. आधी अंगठे, मग मनगटं, मग कंबर आणि गुडघे. सकाळी उठताना अंग कुणीतरी रात्रभर कुटल्यासारखं व्हायचं. तिनं ते घरी सांगितलं, पण “पाणी संपलंय” ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात. चहा ओतता ओतता दादाची बायको, वहिनी, म्हणाली, “माझीही कंबर दुखते गं. बाईच्या जन्माला आलो, चालायचंच.” विषय तिथेच संपला.

एक दिवस वरच्या फळीवरून कागदाचा गठ्ठा काढताना तिचा खांदा निखळला. ती तशीच चालत मालकांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, “खांदा जागेवर नाही.”

मालक हिशेबात होते. मान वर न करता म्हणाले, “मग कुठे ठेवून आलीस?”

“पुढे सरकलाय,” ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या हातातलं पेन गळून पडलं.

दवाखान्यात खांदा बसवला गेला, तोवर दादाही येऊन पोचला. तिथल्या डॉक्टरांनी बाकीच्या दुखण्याचीही चौकशी केली. “कसं दुखतं? टोचतं, जळतं की ठणकतं?”

तिनं बराच वेळ विचार केला. तिला नेमकं सांगायचं होतं. शेवटी म्हणाली, “ओल्या पुठ्ठ्यासारखं. आकार असतो, पण धरत नाही.”

डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. दादानं ओशाळून खांदे उडवले. रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर दादाला बाजूला घेऊन म्हणाले, “दुखणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो. मनाचं काहीतरी दिसतंय. लग्न नाही ना झालेलं?”

घरी येताना दादा चिडला होता. “दुखतंय तर ओरडावं तरी माणसानं! लोकांना कळणार कसं?”

मग ती ओरडायचं शिकली. पुढच्या डॉक्टरांकडे, दादानं खूण केल्यावर, ती “आई गं” म्हणाली. ते इतकं खोटं वाटलं की डॉक्टरांना हसू आलं.

अशी वर्षं गेली. वेगवेगळ्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढून झाल्या. कुणी गोळ्या दिल्या, कुणी ‘चालायला जात जा’ म्हणाले. वहिनीच्या तोंडी ‘नाटकं’ हा शब्द कधी आला आणि तिथेच कधी राहिला, कुणाला कळलं नाही. आई गेली. घरात तिची बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरबाईंनी तिची बोटं हातात घेतली आणि हळूच मागे वाकवून पाहिली. मग विचारलं, “लहानपणी अंग असंच वळायचं?” मग आणखी विचारलं, आवाजाचा त्रास होतो का, कपड्याची शिवण टोचते का, माणसांत गेलं की थकायला होतं का. ती प्रत्येकाला “हो” म्हणत गेली. इतके ‘हो’ तिनं आयुष्यात कुणाला दिले नव्हते.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. तिचे सांधे जन्मापासून सैल होते. ती ऑटिस्टिक होती, तीही जन्मापासूनच. या दोन गोष्टी बरेचदा जोडीनं येतात. दुखणं खरं होतं. फक्त ते तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं.

दादानं विचारलं, “आधी कळलं असतं तर?”

“सांधे जपता आले असते. हातांचं हे काम करू दिलं नसतं. आता झीज झालीय, ती भरून येणार नाही. आहे ते टिकवायचं.”

ती म्हणाली, “फर्मे दुमडू दिले नसते?”

“नाही.”

ती दार उघडून बाहेर येताना म्हणाली, “मग नव्हतं कळलं तेच बरं.” दादाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं की कशाचं, त्यालाही सांगता आलं नसतं.

टिकवणंही सोपं नव्हतं. व्यायामाच्या हॉलमध्ये डोळ्यांत घुसणारे दिवे, मोठ्यानं लावलेली गाणी आणि सारखे अंगाला लागणारे परके हात. काही दिवस ती गेली. मग एकदा तिथेच कान दाबून जमिनीवर बसली, ती दादा येईपर्यंत उठली नाही. बोटांना आधार द्यायच्या पट्ट्या मिळाल्या, पण त्यांची कड कातडीला लागली की तिला दुसरं काही सुचेना. त्या कपाटात गेल्या.

मालकांनी तिला कामावरून कमी करायचं टाळलं. दुमडण्यावरून काढून पुढे काउंटरवर बसवलं. तिथे काम हलकं होतं, पण बोलायचं होतं. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “बांधणी मजबूत आहे ना?” ती म्हणाली, “नाही. नवी मुलगी घडी नीट बसवत नाही.” मालकांनी आठवडाभर सहन केलं. मग स्वतः घरी आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, मला माफ कर.” ती म्हणाली, “कशाबद्दल?” तिला खरंच कळलं नव्हतं. ते आत न येताच परत गेले.

आता ती घरीच असते. खालच्या खोलीत पलंग, पडदे ओढलेले, पंख्याचा आवाज होतो म्हणून पंखा बंद. दादा आधी रोज विचारायचा, “आज कसं आहे?” ती मानेपासून घोट्यापर्यंत, एकेका सांध्याचं खरं खरं सांगायची. तो उभा राहून ऐकायचा, मग अर्ध्यावर निघायचा, मग विचारेनासा झाला.

परवा तिचा हात वेणीपर्यंत पोचेना. गुंता सोडवायला वहिनीनं कंगवा लावला, तर ती अंग आक्रसून घेत राहिली. वहिनीनं शेवटी कात्री आणली. “कापू?” तिनं मान डोलावली. लांब केस खाली पसरलेल्या कागदावर पडत गेले. कापून झाल्यावर तिनं दुखऱ्या बोटांनी मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, “एक काम कमी झालं.”

वहिनी हसली. मग केसांचा कागद गोळा करून मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही.